विश्लेषण : ‘जंत दिसले नाहीत’ म्हणजे ‘जंत नाहीत’ का?

आठवडाभर पोट बिघडलेले असते. डॉक्टर शौच तपासणी लिहून देतात, घराजवळच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकची डबी पोहोचवली जाते आणि संध्याकाळी मोबाइलवर अहवाल येतो. त्यात खालच्या बाजूला ‘ओव्हा / सिस्ट : नॉट सीन’ अशी एक ओळ असते. तंत्रज्ञाला परजीवींची अंडी किंवा कोष दिसले नाहीत, एवढाच तिचा अर्थ. घरात मात्र ती ‘जंतबिंत काही नाही’ अशी वाचली जाते आणि विषय संपतो.

‘दिसले नाहीत’ आणि ‘नाहीत’ यांतले अंतर कमी करण्यासाठी मॉलिक्युलर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचण्या आहेत. करोनाकाळात घराघरांत माहीत झालेले पीसीआर तंत्रच त्यांत वापरतात. मोठ्या शहरांतील खासगी प्रयोगशाळांत त्या आता मिळतात. त्या उपयुक्त आहेत, यात वाद नाही. प्रश्न आहे तो त्या कोणासाठी, कुठे आणि कोणाच्या पैशाने वापरायच्या याचा. त्याचे उत्तर बाजारावर सोडले, तर ज्याला गरज नाही त्याच्या हातात महागडा अहवाल पडेल आणि ज्याला गरज आहे त्याला ‘नॉट सीन’वरच समाधान मानावे लागेल.

नेहमीची तपासणी नेमके काय पाहते?

शौचाचा कणभर भाग काचपट्टीवर मिठाच्या पाण्यात किंवा आयोडिनमध्ये पसरून तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी यांची अंडी आणि अमीबा, जिआर्डिया यांचे कोष आकारावरून ओळखले जातात. शे-दोनशे रुपयांत होणारी, विजेच्या दिव्यापलीकडे फारसे काही न लागणारी ही पद्धत शंभरहून अधिक वर्षे टिकली आहे. हाताखालून हजारो काचपट्ट्या गेलेला तंत्रज्ञ असेल तर ती आजही मोलाची आहे.

पण तिची एक मर्यादा आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रयोगवहीत उपकरणाचे ‘लीस्ट काउंट’, म्हणजे त्याला मोजता येणारे सर्वांत लहान माप, लिहिल्याशिवाय सरांची सही मिळत नसे. शौच तपासणीच्या अहवालात ते कधीच लिहिलेले नसते.

जंतांच्या सर्वेक्षणासाठी जगभर रूढ असलेली काटो-काट्झ पद्धत घ्या. जपानमध्ये १९५४ साली पुढे आलेली ही पद्धत ब्राझीलमधील संशोधकांनी १९७२ मध्ये सुधारली. तिच्यात ठरावीक आकाराच्या भोकातून ४१.७ मिलिग्रॅम मल काचपट्टीवर घेतला जातो. दिसलेल्या अंड्यांना २४ ने गुणले की एका ग्रॅममधील अंड्यांची संख्या मिळते. माणूस दिवसाला साधारण १५० ग्रॅम मल टाकतो असे धरले, तर तपासला जातो तो त्याचा सुमारे ३,६०० वा भाग.

आता पुढचा हिशेब पाहा. गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. म्हणजे पोटात एकच मादी असली तरी एका काचपट्टीवर पन्नासच्या आसपास अंडी यायला हवीत. ती सहसा सुटत नाही. अंकुशकृमीच्या नेकेटर जातीची मादी मात्र दिवसाला पाच ते दहा हजारच अंडी घालते. त्याच हिशेबाने तिची काचपट्टीवर जेमतेम एक ते तीन अंडी येतील. त्यातही ही अंडी मलात सारखी पसरलेली नसतात, आणि काटो-काट्झमध्ये वापरल्या जाणाऱ्या ग्लिसरीनमुळे ती अर्ध्या-पाऊण तासानंतर विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात. गावातून गोळा केलेले नमुने दुपारी तालुक्याला पोहोचले, पट्ट्या तयार झाल्या आणि तंत्रज्ञ जेवून आला, एवढ्यात अंकुशकृमी अहवालातून निसटू शकतो. हाच जंत आतड्याला चिकटून रक्त शोषतो आणि मुली-महिलांच्या रक्तक्षयात भर घालतो.

जिआर्डियाची अडचण वेगळी. तो रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही. म्हणून वेगवेगळ्या दिवशी घेतलेले किमान तीन नमुने तपासावेत, असे पाठ्यपुस्तके सांगतात. नोकरी-धंदा सांभाळून तीन दिवस डबी घेऊन प्रयोगशाळेत जाणारा रुग्ण विरळाच. व्यवहारात एकच नमुना जातो आणि त्यावर निकाल लागतो.

पीसीआर वेगळे काय करते?

सूक्ष्मदर्शक आकार पाहतो, पीसीआर अक्षरे वाचते. प्रत्येक परजीवीच्या डीएनएत काही भाग फक्त त्याचाच असतो. त्या भागाला नेमके चिकटतील असे छोटे तुकडे वापरून तो भाग पुन्हापुन्हा दुप्पट केला जातो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचलेल्या या कल्पनेला दहा वर्षांनी नोबेल मिळाले. दर आवर्तनाला दुप्पट म्हणजे ३० आवर्तनांत एका प्रतीच्या १०७ कोटी प्रती. त्यामुळे अगदी थोडा डीएनएही हाती लागतो.

करोनाकाळात सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘सीटी व्हॅल्यू’ इथेही असते. किती आवर्तनांनंतर डीएनए दिसू लागला, हे ती सांगते. आकडा लहान, तर परजीवी जास्त. दोन नमुन्यांच्या सीटी व्हॅल्यूत दहाचा फरक असेल, तर डीएनएच्या प्रमाणात साधारण हजारपट फरक असतो. म्हणजे ही चाचणी ‘आहे-नाही’ याबरोबर ‘किती’ याचाही अंदाज देते. हा ‘किती’ पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

सूक्ष्मदर्शकाला न उलगडणारा फरक कोणता?

मॉलिक्युलर चाचणीची खरी गरज पटवून देणारे उदाहरण म्हणजे अमीबा. आमांशाला आणि यकृतातील गळवाला कारणीभूत असलेला एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि त्याचा निरुपद्रवी भाऊबंद एन्टामिबा डिस्पार या दोघांचे कोष सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे दिसतात. असे दोन वेगळे अमीबा असावेत, असे फ्रेंच परजीवीतज्ज्ञ एमिल ब्रुम्प्ट यांनी १९२५ मध्येच म्हटले होते. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. सत्तरच्या दशकापासून जैवरासायनिक पुरावे साचत गेले, पुढे डीएनएचे पुरावे आले आणि १९९३ मध्ये या दोन स्वतंत्र जाती असल्यावर शिक्कामोर्तब झाले.

१९९७ मध्ये मेक्सिको सिटीत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तज्ज्ञांची बैठक झाली. तिचा निष्कर्ष साधा होता : नुसत्या सूक्ष्मदर्शकावर विसंबून असाल तर अहवालात ‘हिस्टोलिटिका किंवा डिस्पार’ असे लिहा, आणि डिस्पार असेल तर औषध देऊ नका. या गोष्टीला पाव शतक उलटून गेले. तरीही आपल्याकडच्या किती तरी अहवालांत आजही बिनदिक्कत ‘ई. हिस्टोलिटिका सिस्ट्स’ असे छापून येते. कोष बाळगणाऱ्या, पण कोणतीही लक्षणे नसलेल्या लोकांत जगभर डिस्पारचेच प्रमाण कितीतरी जास्त आढळते. म्हणजे ज्याला काहीच झालेले नाही त्याला ‘अमीबा झालाय’ असे सांगून गोळ्यांचा कोर्स दिला जातो. पोटात जरा दुखले की ‘माझा जुना अमीबा पुन्हा उठला’ म्हणणारे काका-मावश्या प्रत्येक घरात असतात. त्यांच्यापैकी किती जणांच्या पोटात हिस्टोलिटिका होता, हे कोणी तपासलेलेच नाही.

चूक उलट्या बाजूनेही होते. हिस्टोलिटिका खरोखर असेल, तर लक्षणे नसली तरी उपचार लागतो. शिवाय मेट्रोनिडाझोल आतड्यातील कोषांवर पुरेसे चालत नाही, त्यासाठी डायलोक्सनाइड किंवा पॅरोमोमायसिन असे वेगळे औषध लागते. जात कळली, तर एकाची गोळी वाचते आणि दुसऱ्याला योग्य गोळी मिळते. इथे पीसीआरला, किंवा हिस्टोलिटिकाची प्रथिने ओळखणाऱ्या अँटिजेन चाचणीला, खरा अर्थ आहे.

पट्टकृमीचेही तसेच. डुकराच्या मांसातून येणारा टीनिया सोलियम आणि गोमांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा यांची अंडी सारखीच दिसतात. पण सोलियमची अंडी पोटात गेली तर त्याच्या अळ्या मेंदूत गाठी करू शकतात आणि फिट्स येऊ शकतात. म्हणून घरातील एकाच्या पोटात कोणता पट्टकृमी आहे, हे बाकीच्यांसाठीही महत्त्वाचे असते. अंकुशकृमीच्या जातीही अंड्यांवरून वेगळ्या करता येत नाहीत. त्यांतील अँकिलोस्टोमा सिलॅनिकम ही कुत्र्या-मांजरांमधून माणसात येणारी जात आग्नेय आशियात किती पसरली आहे, ते डीएनए चाचण्यांमुळेच लक्षात आले. माणसांना कितीही गोळ्या दिल्या आणि गावातली कुत्री तशीच राहिली, तर तो जंत परत येत राहणार.

‘सापडले’ म्हणजे आजार आहे का?

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, मग सगळ्यांची पीसीआरच करावी. पण ‘नॉट सीन’चा जसा चुकीचा अर्थ लावला जातो, तसाच ‘डिटेक्टेड’चाही लावला जातो.

आफ्रिका आणि दक्षिण आशियातील सात देशांत पाच वर्षांखालील मुलांच्या गंभीर अतिसारावर ‘जेम्स’ या नावाने ओळखला जाणारा मोठा अभ्यास झाला. भारतातील केंद्र कोलकाता होते. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी लहान बाळांच्या अतिसाराचे रोटाव्हायरसखालोखाल मोठे कारण म्हणून पुढे आला. तोपर्यंत तो प्रामुख्याने एचआयव्हीबाधितांचा आजार मानला जाई. त्याच अभ्यासात जिआर्डियाने मात्र गोंधळात टाकले. वर्षाहून मोठ्या मुलांत तो आजारी मुलांपेक्षा शेजारच्या धडधाकट मुलांतच जास्त सापडला.

याच अभ्यासातील नमुने पुढे परिमाणात्मक पीसीआरने पुन्हा तपासले गेले आणि २०१६ मध्ये त्याचे निकाल आले. जुन्या पद्धतींनी अतिसाराच्या जेमतेम निम्म्या आजारभाराचे कारण सांगता आले होते, नव्या पद्धतीने जवळपास ९० टक्के भाराचे. पण हे साधले ते नुसते ‘सापडले’ म्हणून नव्हे. निरोगी मुलांच्या पोटातही इतके जंतू सापडत होते की, संशोधकांना प्रत्येक जंतूचे प्रमाण मोजून कोणत्या पातळीपुढे तो आजाराशी जोडता येतो, ते ठरवावे लागले.

आपल्यासारख्या देशात हा धडा फार कामाचा आहे. जिथे पाणी आणि सांडपाणी यांची गाठ अधूनमधून पडतच असते, तिथे पोटात दोन-चार परजीवींचा डीएनए सापडणे ही नवलाची गोष्ट नाही. ब्लास्टोसिस्टिस नावाचा एक परजीवी तर जगभर इतक्या निरोगी लोकांत आढळतो की, तो रोगकारक मानावा की नाही यावरच तज्ज्ञांत एकमत नाही. सर्व काही ठीक असलेल्या माणसाने ‘फुल बॉडी चेकअप’च्या भरात पोटाचे पॅनेल करून घेतले आणि अहवालात तांबड्या अक्षरांत ‘डिटेक्टेड’ आले, तर पुढे गोळ्या आणि पुन्हा तपासणी अशी साखळी सुरू होते. त्यात उपचारानंतरही मेलेल्या परजीवीचा डीएनए काही काळ मलात येऊ शकतो. ‘अजून आहे’ म्हणून पुन्हा गोळ्या. त्यातून आजार बरा होत नाही, कारण बरा करण्यासारखा आजारच नसतो.

पॅनेलमध्ये आपले जंत आहेत का?

दुसरा मुद्दा क्वचितच बोलला जातो. पीसीआर फक्त तेच शोधते जे शोधायला तिला सांगितले आहे. सूक्ष्मदर्शकावर बसलेला तंत्रज्ञ अमीबा शोधता शोधता पट्टकृमीचे अंडे दिसले तर थबकतो. यंत्राला तसे थबकता येत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मान्यता दिलेल्या बायोफायर कंपनीच्या पोटाच्या पॅनेलचे उदाहरण घ्या. एका तासाभरात २२ जंतूंचा शोध घेणारे हे पॅनेल जगभर गाजले. या २२ पैकी परजीवी चार : क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा, एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि जिआर्डिया. गोलकृमी नाही, अंकुशकृमी नाही, चाबूककृमी नाही, पट्टकृमीही नाही. यात कंपनीचा दोष नाही. अमेरिकेतल्या शहरी रुग्णालयाला जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे देण्यासाठी ते बनले. तिथे १९९३ साली मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरून अंदाजे चार लाख लोक आजारी पडले होते, आणि नेहमीच्या शौच तपासणीत तो शोधलाच जात नसल्याने साथीचे कारण लगेच कळले नव्हते. त्या देशाने आपल्या अनुभवातून आपले पॅनेल घडवले.

आपण मात्र दुसऱ्याची प्रश्नपत्रिका आणून आपल्या मुलांना सोडवायला देत आहोत. गडचिरोली किंवा पालघरच्या आश्रमशाळेतल्या मुलीचा रक्तक्षय का हटत नाही, याचे उत्तर अशा पॅनेलमध्ये असू शकत नाही. कारण तो प्रश्नच त्यात नाही. शे-दोनशे रुपयांच्या तपासणीऐवजी हजारोंच्या घरातील तपासणी करूनही अंकुशकृमी सुटणार असेल, तर ‘अत्याधुनिक’ या शब्दाला काय अर्थ उरतो?

तंत्राच्या स्वतःच्या अडचणी कोणत्या?

मल हा पीसीआरसाठी सर्वांत अवघड नमुन्यांपैकी एक आहे. त्यातील पित्तक्षार आणि वनस्पतिजन्य शर्करा प्रतिक्रियेत अडथळा आणतात. परजीवी असूनही यंत्र ‘नाही’ म्हणू शकते. म्हणून प्रत्येक नमुन्यात एक माहीत असलेला डीएनए मुद्दाम मिसळून प्रतिक्रिया नीट चालली की नाही, हे पाहावे लागते. गोलकृमी आणि चाबूककृमी यांच्या अंड्यांचे कवच इतके टणक असते की, बारीक मण्यांबरोबर जोरात घुसळून ते फोडल्याशिवाय आतला डीएनए बाहेर येत नाही. सूक्ष्मदर्शकासाठी नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवायची सवय आहे. फॉर्मलिन डीएनएचे तुकडे करते, त्यामुळे असे नमुने पीसीआरला जवळजवळ निरुपयोगी ठरतात. इथे नमुना इथेनॉलमध्ये किंवा शीतपेटीत हवा.

शिवाय पीसीआरसाठीही सहसा २०० मिलिग्रॅमच्या आसपासच मल घेतला जातो. काटो-काट्झच्या पाचपट, पण तरीही थोडाच. स्ट्राँगिलॉइड्स या जंताच्या बाबतीत ही मर्यादा ठळक दिसते. तो शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करत दशकानुदशके गुपचूप राहतो, मलात त्याच्या मोजक्या अळ्या येतात आणि रुग्णाला स्टेरॉइड सुरू केले की प्राणघातक रूप घेऊ शकतो. २०२० मध्ये करोनाच्या रुग्णांना डेक्सामेथासोन देताना तज्ज्ञांनी याच जंताचा इशारा दिला होता. त्याच्यासाठी पीसीआर ‘आहे’ म्हणाली तर ते खात्रीचे, पण ‘नाही’ म्हणाली तर रक्तातील प्रतिपिंडांची चाचणीही करावी लागते. म्हणजे पीसीआरलाही तिचे लीस्ट काउंट आहेच.

जंतनाशक मोहिमेशी याचा काय संबंध?

देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि आशा यांच्या बळावर चालणारा हा जगातील सर्वांत मोठ्या सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमांपैकी एक आहे. त्याचे परिणामही दिसतात. केंद्राने २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार छत्तीसगडमधील जंतबाधेचे प्रमाण २०१६ मधील ७४.६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये १३.९ टक्क्यांवर आले, तर राजस्थानात २०१३ मधील २१.१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ते एक टक्क्याच्याही खाली गेले.

हे यश खोटे आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. पण वरचा काचपट्टीचा हिशेब इथे आठवावा. पोटात जंत पुष्कळ असतात तेव्हा सूक्ष्मदर्शक चांगले काम करतो. गोळ्यांमुळे जंत कमी होतात, अंडी विरळ होतात आणि नेमक्या त्याच टप्प्यावर सूक्ष्मदर्शकाची नजर अधू होते. मोहीम जितकी यशस्वी, तितके तिचे मोजमाप कच्चे. ‘एक टक्क्याखाली’ या आकड्यावर विसंबून गोळ्या कमी करायच्या किंवा थांबवायच्या, तर तो आकडा अधिक बारीक चाळणीतून गाळून घ्यायला हवा.

हे जगाने ओळखले आहे. जंतांचा प्रसार पूर्णच थांबवता येतो का, हे पाहणारा ‘डीवर्म थ्री’ हा अभ्यास बेनिन, मलावी आणि भारतात झाला. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तो तमिळनाडूतील तिमिरी आणि जवादू टेकड्यांच्या परिसरात चालवला. त्यातील अंतिम मोजमापासाठी परिमाणात्मक पीसीआरच निवडली गेली.

आणखी एक धोका औषधाला दाद न देणाऱ्या जंतांचा. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांत अल्बेंडाझोलच्या गटातील औषधे निष्प्रभ ठरू लागल्याचे पशुवैद्यक केव्हापासून सांगत आहेत. त्यामागचे जनुकीय बदल कुठे होतात, ते माहीत आहे. कोट्यवधी मुलांना वर्षानुवर्षे तीच गोळी देताना माणसांच्या जंतांत तसे बदल येत आहेत का, यावर लक्ष ठेवण्यास सूक्ष्मदर्शक असमर्थ आहे. ते काम डीएनए तपासणीचेच.

यंत्रे आहेत, मग अडचण कुठे?

दहा वर्षांपूर्वी ‘आपल्याला हे परवडणार नाही’ म्हणून विषय सोडता आला असता. आता नाही. जानेवारी २०२० मध्ये करोनाची चाचणी करणारी देशातील एकमेव प्रयोगशाळा पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था होती. वर्षअखेरीस अशा प्रयोगशाळांची संख्या दोन हजारांवर गेली. करोना चाचणीचा पहिला भारतीय बनावटीचा संच पुण्यातील मायलॅबने मार्च २०२० मध्ये आणला. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे पीसीआर यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी खेड्यापाड्यांतील आरोग्य केंद्रांत पोहोचले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही क्षयासाठी त्याची शिफारस केली.

म्हणजे यंत्रे, ती चालवणारे हात आणि संच बनवणारे उद्योग महाराष्ट्र-गोव्यातच आहेत. करोनाचा भारही ओसरला आहे. नाही ती मागणी. क्षयासाठी सरकारने मागणी नोंदवली म्हणून संच तयार झाले, स्वस्त झाले. जंतांचा रुग्ण गरीब असतो, लहान असतो आणि सहसा जंतांमुळे मरत नाही. त्याच्यासाठी बाजार स्वतःहून संच बनवणार नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट बिनखर्चाची. शौच तपासणीच्या अहवालात पद्धत, तपासलेल्या नमुन्यांची संख्या आणि काय शोधलेले नाही, हे छापणे बंधनकारक व्हावे. ‘एका नमुन्यात दिसले नाहीत, क्रिप्टोस्पोरिडियम व स्ट्राँगिलॉइड्ससाठी तपासणी केलेली नाही’ एवढे एक वाक्य डॉक्टरला आणि रुग्णाला सावध करील. अमीबाचे कोष दिसले तर ‘हिस्टोलिटिका किंवा डिस्पार’ असेच लिहावे. १९९७ ची सूचना पाळायला नवे यंत्र लागत नाही.

दुसरी, वैद्यकीय महाविद्यालयांत पीसीआर ठरावीक रुग्णांसाठी मोफत किंवा माफक दरात असावी : अमीबाचा संशय असलेले, दोन आठवड्यांहून अधिक अतिसार असलेली मुले, एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घ स्टेरॉइड उपचार होणार असलेले. या लोकांच्या बाबतीत अहवालाने उपचार बदलतो, म्हणून पैसा इथे खर्च व्हावा.

तिसरी, जंतनाशक मोहिमेच्या पाहणीत प्रमाण कमी दिसलेल्या जिल्ह्यांतून थोडे नमुने इथेनॉलमध्ये जपून त्यांची पीसीआर व्हावी. करोनाकाळात जसे अनेकांचे नमुने एकत्र करून तपासले, तसे इथेही करून पाहता येईल. त्यासाठीचा संच गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी आणि स्ट्राँगिलॉइड्स शोधणारा, म्हणजे आपल्या प्रश्नांचा हवा.

आणि चौथी, सूक्ष्मदर्शकावरचा माणूस टिकवावा. यंत्र आले म्हणून तंत्रज्ञाची जागा रिकामी ठेवली, तर यादीबाहेरचे काही दिसल्यावर थबकणारे कोणी उरणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढची अनेक वर्षे तपासणी तोच करणार आहे. त्याला चांगला सूक्ष्मदर्शक आणि दरवर्षी उजळणी मिळणे, हा सर्वांत स्वस्त सुधार आहे.

शौचालय, स्वच्छ पाणी आणि पायात चप्पल यांना कोणतीही चाचणी पर्याय नाही. पण ती कामे किती झाली, कुठे राहिली, हे सांगणारे मापच चुकीचे असेल तर पैसा कुठे ओतायचा तेही चुकते. तोवर वाचकाने एवढे करावे. पोटाचा अहवाल हातात आला की, तो ‘नॉट सीन’ असो वा ‘डिटेक्टेड’, डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : ही कोणत्या पद्धतीने केली, यात काय शोधलेलेच नाही आणि या निकालाने माझा उपचार बदलणार आहे का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर महागडी चाचणी न केलेलीच बरी.